यीस्टचा प्रबंध आणि अण्णांचा पंखा

चाळीस वर्षांत आपल्या हातून एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही, हे अण्णा दिवसातून निदान दोनदा सांगत. ऐकायला कोणी नसलं तर खळीच्या डब्याला सांगत! "नंबर बघून पानं लावतो तो कारकून, ओळ वाचून लावतो तो बाइंडर!" दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती, पण दाभण, दोरा आणि लाकडी दाबयंत्र मागच्या खोलीत अजून तय्यार होतं.

त्यामुळे धाकट्या लेकीचा पीएचडीचा प्रबंध बाहेर बांधायला देण्याचा प्रश्नच नव्हता. धाकटी आठ वर्षं प्रयोगशाळेत यीस्ट वाढवत होती. पाव फुगवतं ना, तेच! आज शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द आणि आठ वर्षं पाण्यात.

"एवढं काय लिहिलंयस गं त्या यीस्टवर?" अण्णांनी गठ्ठा तोलत विचारलं.

"त्याच्या गुणसूत्रांत काही उडाणटप्पू जनुकं असतात, अण्णा. ती स्वतःची नक्कल काढतात आणि दिसेल तिथे घुसवतात. एकच मजकूर दहा ठिकाणी! मग कधी गुणसूत्र तुटलं, की पेशी ते जोडायला बसते. मजकूर जुळतो का बघते आणि जोडते. पण तो तर सगळीकडे सारखाच. मग ह्याचं शेपूट त्याला आणि त्याचं ह्याला!"

अण्णा पोट धरून हसले. "अगदीच बिनडोक दिसतंय तुझं यीस्ट! चार दिवस माझ्या हाताखाली पाठव त्याला!"

"दर वेळी वाईटच होतं असं नाही हो. पुष्कळ पेशी मरतात, पण एखादीला नवी मांडणी मानवते. असंच तर बदलत आलंय यीस्ट." धाकटीने पिशवी उचलली. "आणि पानांना नंबर नाहीत हं. कॉम्प्युटर दर प्रकरणाला पुन्हा एकपासून सुरू करत होता, वैतागून काढूनच टाकले. क्रम लावलाय, हलवू नका. मी फॉर्म भरायला पुढे जाते. साडेचारला सरांच्या खोलीत या."

"नंबर हवेत कोणाला!" अण्णा म्हणाले.

एक गोष्ट मात्र धाकटी बोलली नव्हती. पहिल्या वर्षी तिच्या एका परिच्छेदाला सरांनी 'वा!' म्हटलं होतं. तेव्हापासून तिने तो परिच्छेद प्रत्येक प्रकरणात डकवला होता. आभाराच्या पानांतसुद्धा!

अण्णांनी पुठ्ठ्याला खळ लावली. खळ वाळेना.

"पंखा लावू नका हं!" आतून बायको ओरडली.

"मला शिकवतेस?" म्हणत अण्णांनी बटण दाबलं, तेही पाचवर! एकशे ऐंशी पानं एकदम उठली. काही कपाटाखाली, काही दाराबाहेर, आणि एक थेट बायकोच्या भिजवलेल्या डाळीत.

बायकोने कपाळावर हात मारला. "फोन करा तिला."

"कशाला? ओळी आहेत की!"

आणि खरंच, पानाची शेवटची ओळ, पुढच्याची पहिली, असं भराभर जुळत गेलं. मग एक पान आलं. शेवटी होतं, 'हा आगंतुक घटक बघता बघता घरचाच होऊन बसतो'. अण्णांनी शोधलं, 'आणि सगळ्या घराची मांडणी बदलून टाकतो' असं सुरू होणारं पान हाताला लागलं, लावलं. थोड्या वेळाने पुन्हा 'होऊन बसतो'. पुन्हा एक 'आणि सगळ्या घराची'. काय ही पोरगी, तेच तेच लिहिते! पण बाइंडरने मजकूर वाचायचा नसतो, ओळ वाचायची असते. अण्णांनी दोरा आवळला.

साडेचारला सर सहीसाठी पेन काढून बसले होते. त्यांनी कौतुकाने आभाराचं पान उघडून मोठ्याने वाचायला घेतलं. "'सरांनी आठ वर्षं मला सांभाळून घेतलं. त्यांच्या प्रयोगशाळेत हा आगंतुक घटक बघता बघता घरचाच होऊन बसतो... आणि सगळ्या घराची मांडणी बदलून टाकतो. त्यांना तीन दिवस उपाशी ठेवलं. निम्मे मेले. उरलेल्यांना आंबूस वास येऊ लागल्यावर उकळत्या पाण्यात...'" सरांनी चष्मा काढला.

धाकटीने प्रबंध हिसकावला. पानं उलटता उलटता तिचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या प्रकरणाला पाचव्याचं शेपूट, पाचव्याला दुसऱ्याचं. "अण्णा, पंखा लावलात?"

अण्णांनी बुटांकडे बघत मान डोलावली.

"माझी आठ वर्षं होती हो ती!" तिला रडू फुटलं.

सर चौथं प्रकरण चाळत होते. "हे काय? 'माझे वडील बाइंडर आहेत. नेटकेपणा मी त्यांच्याकडून शिकले. त्यांच्या हातून आजवर एकही पान चुकीच्या जागी लागलेलं नाही.'" त्यांनी वर पाहिलं. "हे पान कुठलं?"

"आभारातलं," धाकटी म्हणाली.

अण्णांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. ते हळूच म्हणाले, "चुकलेल्या पुस्तकाला आम्ही शुद्धिपत्र चिकटवायचो. तू लिही, मी डकवतो."

धाकटी डोळे पुसत, पानं मोजत लिहीत गेली, अमुक पानानंतर तमुक वाचावे. सरांनी सही ठोकली. अण्णांनी कागद पुठ्ठ्याच्या आत डकवला आणि फुंकर मारून वाळवला. पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही! पाचला तीन मिनिटं कमी असताना शिक्का बसला.

दोन महिन्यांनी परीक्षकांचा अभिप्राय आला. प्रबंध मंजूर! खाली लिहिलं होतं, "गुणसूत्रांची अदलाबदल प्रत्यक्ष प्रबंध तसा बांधून दाखवण्याची कल्पना अभिनव. सूचना एकच. एक परिच्छेद सात वेळा आला आहे, तो एकदाच ठेवावा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून अण्णा चौकात सांगू लागले, "मुद्दामच केलं होतं! विज्ञानासाठी!"

ग्रंथालयात ठेवायची दुरुस्त प्रत धाकटीने घरी आणली, तेव्हा अण्णांनी आभाराचं पान उघडलं. 'त्यांच्या हातून आजवर एकही पान चुकीच्या जागी लागलेलं नाही.' वाक्य अगदी जागच्या जागी होतं. पानाखाली नंबरही होता. प्रत बाजारातल्या दुकानातून बांधून घेतली होती.