तुमचं अडकणं आमच्यासाठी मोलाचं आहे

सकाळी सव्वादहाला चावीवाल्याची बायको बाथरूममध्ये अडकली. कडी आतून निखळली आणि दार बसलं ते बसलंच. बाहेर गॅसवर दूध होतं. पण नवरा कुलपं उघडण्यात पटाईत, त्याचं दुकान चार मिनिटांवर, आणि फोन तिच्या हातात, कारण हल्ली तो तिकडेही सोबत जातो. थोडक्यात, काळजीचं काही कारण नव्हतं.

तिने नवऱ्याला फोन लावला. पण महिन्यापूर्वी तिच्याच धाकट्या भावाने आठ दिवसांचा कोर्स करून दाजींचा धंदा ऑनलाइन आणला होता. फोन उचलणारा माणूस रिकामटेकडा वाटतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे फोनमधली गोड बाई म्हणाली, की कृपया ईमेल करा. तिने केला: "मी बोलतेय. बाथरूममध्ये अडकलेय. दूध गॅसवर आहे. या."

उत्तर लगेच आलं. "आदरणीय ग्राहक, तुमचं अडकणं आमच्यासाठी मोलाचं आहे. अठ्ठेचाळीस तासांत संपर्क साधू." पाठोपाठ ब्लॉग आला, 'बंद दाराकडून शिकण्यासारख्या सात गोष्टी'. लेखक तिचा नवरा. ज्याने लग्नाला वीस वर्षं होऊनही तिला साधी चिठ्ठी लिहिली नव्हती.

तो दुकानात आठवी गोष्ट शोधत बसला होता. समोर दोन गिऱ्हाइकं फॉर्म भरत ताटकळली होती. मेहुण्याने ताईचा ईमेल वाचला आणि त्याचे डोळेच भरून आले. इतकं आतून हल्ली कुणी लिहीत नाही म्हणाला, आणि नाव झाकून दुकानाच्या पेजवर टाकूनही मोकळा झाला.

चावीवाला हत्यारांची पिशवी घेऊन उठला. "अरे, तुझी बहीण आहे ती."

"बहीण आहे म्हणूनच सांगतोय, दाजी. तीनशे लाइक पडलेत. आत्ता दार उघडलंत तर पोस्ट जागच्या जागी मरेल."

"आणि दूध?"

"दुधावरच तर सगळे कमेंट करतायत."

करत होतेच. कुणी धीर धरा म्हणत होतं. एकाने दूध गाईचं की म्हशीचं विचारलं, त्यावरून भांडण जुंपलं. घराची दुसरी किल्ली जिच्याकडे असायची, त्या शेजारणीने रडका चेहरा टाकला आणि ती भाजी चिरायला बसली. ताईने आतून लिहिलं, जळका वास येतोय. भावाने त्याला बदाम दिला.

तेव्हा मात्र चावीवाला पळत सुटला. मागून मेहुणा, फोन पुढे धरून, लाइव्ह. घरात धूर कोंडला होता. चावीवाल्याने गॅस बंद केला, दाराशी बसला, पेचकस लावला. दोन वेढ्यांचं काम.

"नऊशे बघतायत, दाजी. हजार होऊ द्या."

आतून खोकल्याचा आवाज आला. "अहो, उघडताय ना?"

चावीवाल्याने फोनकडे पाहिलं. वीस वर्षं तो दारं उघडत होता, पण ते बघायला कधी कुणी थांबलं नव्हतं. त्याने पेचकस खाली ठेवला, केसांवरून हात फिरवला.

"नमस्कार मित्रांनो," तो म्हणाला.

त्याला नावं ठेवू नका. दार पहिल्याच ओळीत उघडलं असतं, तर तुम्ही दुसरी वाचली असती का?