अण्णांच्या भिंतीवरचा काटा

आमचे अण्णा पंख्याखाली झोपत नाहीत. पडला तर? पंख्याशिवाय झोपही लागत नाही, म्हणून रोह्याशेजारच्या वरसे गावातल्या त्यांच्या घरी पंखा एका कोपऱ्यात आणि खाट दुसऱ्यात. अण्णा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, निवृत्त शिक्षक. "सावध असलेलं बरं" हे त्यांचं पालुपद.

अशा माणसाने पेणच्या भंगारवाल्याकडून एक अनोळखी जुनं यंत्र आणलं, हेच नवल. ताटलीएवढी पितळी तबकडी, वर काच, एकच काटा. आत्याने काच काढून तबकडी आमसुलाने अशी लख्ख घासली की कोरलेल्या रेघा उरल्या, रंगवलेली अक्षरं गेली. चावी नाही, सेल नाही. तरी काटा आपोआप हलायचा.

"हे मोजतं तरी काय?" अण्णांनी विचारलं. मी विज्ञानाचा पदवीधर.

"बॉयलरचं असेल," मी ठोकून दिलं.

"आपल्या घरात बॉयलर कुठाय?" ते घाबरले. मग आम्ही दोघांनी माळासुद्धा पाहिला.

गेल्या श्रावणात त्यांचा फोन आला. आवाज कापरा. "लगेच ये. कळलं काय मोजतंय ते."

गेलो. अण्णा काट्यासमोर स्टूल टाकून बसलेले. आत्या मागे परसात.

"हिला मोजतंय," ते कुजबुजले.

"काय?"

"काटा उतरला की हिचा दमा वाढतो. परसात जाऊन, तोंडावर पदर धरून खोकते. कालपासून उतरतोच आहे रे. त्या शेवटच्या रेघेला टेकला तर?"

मला हसू यायला हवं होतं. पण काटा तेवढ्यात किंचित खाली सरकला आणि मीच परसात डोकावून आत्याला पाहून आलो.

डोलवीला कंपनीत मीटर दुरुस्त करणाऱ्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला. तो खो खो हसला. "हवेचा दाब मोजतो तो! उतरला की पाऊस, वारा. दमट हवेत दमेकऱ्याला त्रास होतोच. काकूंचं त्याला काय माहीत?"

"सुटलो!" मी म्हणालो. अण्णा मात्र आणखीच पांढरे पडले.

"म्हणजे याला हिचं काहीच कळत नाय?"

"नाय."

"मग मला कसं कळायचं? विचारलं की ही म्हणते, मला काय धाड भरलीय. निदान हा तरी सांगत होता."

आत्या दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. चौकटीला धरून ती हळूच खाली बसली.

"अहो," ती म्हणाली, "सकाळपासून छातीत दाटलंय. पंप देता जरा?"

मी दम्याचा पंप आणायला आत धावणार, तोच अण्णांनी तो सदऱ्याच्या खिशातून काढला. नवाकोरा, वेष्टनही न फोडलेला.