जयसिंगरावांचा उन्हाळी टाइम

उन्हाळ्यात सगळ्या राज्याची घड्याळं तासभर पुढे करावीत, असा लेख जयसिंगरावांनी लिहिला आणि संपादकांनी तो छापला नाही. जन्मभर बातमीदारी केलेल्या माणसाचा हा अपमान होता.

"सकाळचा उजेड झोपेत जातो आणि रात्री दिवे जाळता. लढाईत इंग्रजाने घड्याळं पुढे केली, तेव्हा मुकाट ऐकलंत. आता आपलं राज्य आलं तर नको?" असं ऑफिसात सुनावून ते घरी आले, स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढे केलं. (राजधानी भोपाळला गेली तेव्हा इंदूर गप्प बसलं. जयसिंगराव बसणार नव्हते.)

"म्हशीला कळवलंत का?" द्वारकाबाईंनी विचारलं. "दूध तिच्या टाइमाने येतं. नळ नगरपालिकेच्या."

"नगरपालिकेलाही लिहितो."

"रविवारी सुमनला बघायला हातोदचे लोक येताहेत. तोवर तरी राहू द्या."

"तत्त्वाला रविवार नसतो."

द्वारकाबाई चुलीकडे वळल्या. लेकीची आधीची दोन स्थळं नवऱ्याने हुज्जत घालून घालवली होती. एक राजधानीवरून, दुसरं पोह्यांतल्या साखरेवरून. आणि या मुलाला सुमनने लालबागच्या मेळ्यात लांबून पाहिलं होतं. पहिल्यांदाच ती नाही म्हणाली नव्हती.

रविवारी पाहुणे पाचला येणार होते. जयसिंगरावांना एव्हाना सवय झाली होती: घड्याळ बघायचं, त्यातून तास वजा करायचा, की अडाणी जगाचा टाइम मिळे. घड्याळात पाच वाजायला आलेले पाहून त्यांनी तास वजा केला आणि बनियनवर, निवांतपणे, गालांना साबण फासला. स्वयंपाकघरातली लगबग ऐकू येत होती. (बायकांना घाई फार.)

दार वाजलं. बाहेर मुलगा आणि त्याचे वडील नानासाहेब, कोट-टोपीत.

"तासभर आधी आलात," जयसिंगराव म्हणाले. "दिलेली वेळ पाळत नाही, म्हणून हा देश मागे आहे. चक्कर मारून या."

"अहो भिया, पाच तर बज गए," नानासाहेबांनी मनगट पुढे केलं.

"ते दुरुस्तीला टाका. माझ्या घड्याळात पाच, म्हणजे खरे चार."

"पाच म्हणजे चार?"

"माझं तासभर पुढे आहे."

"नाहीये," द्वारकाबाई पदर सावरत बाहेर आल्या. "सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी मागे घेतलं. सांगितलं असतं तर पुन्हा पुढे केलं असतंत. या नानासाहेब, बसा."

नानासाहेब उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. दाराआड सुमनच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. जयसिंगरावांच्या तोंडात उत्तर तयार होतं. ते त्यांनी साबणासकट गिळलं.

"एक विचारू?" नानासाहेब गंभीरपणे म्हणाले. "मुलगी स्वभावाने कुणावर गेलीय?"

साबण वाळून जयसिंगरावांचे गाल ओढले जात होते.

"आईवर," शेवटी तेच म्हणाले.

"मग पसंत आहे," नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी जोडे काढले.