अक्कांचं मोबाईलमधलं हॉटेल

जळगावात मी टिकलो तो सुमनअक्कांमुळे, हे आधी सांगतो, बाकीचं मागून. मी पिंपळनेरचा. आठवीतून शाळा सुटली आणि दाळ मिलमध्ये पोती उचलायला इकडे आलो. जेवण अक्कांच्या खाणावळीत. त्या धुळ्याकडच्या, त्यामुळे बोली आपलीच, अहिराणी.

अक्का दोन्ही वेळा खाणावळभर माणसांना रांधून वाढतात. आणि दुपारी जरा पाठ टेकायला मिळाली की मोबाईलवर काय खेळतात, तर स्वयंपाकाचा गेम! त्यात एक हॉटेल आहे. गिऱ्हाइकं येऊन बसतात, त्यांना वेळेत वाढायचं. उशीर झाला की चेहरा लाल होतो आणि गिऱ्हाईक उठून जातं. अक्का त्या चित्रांशी बोलतात, सगळ्यांना वाढीन म्हणून समजावतात.

"थांब रे भाऊ, गॅसवर शे ना! बठ्ठासले वाढसू."

गॅरेजवाला शकील आमच्यातच जेवतो. त्याने त्यांना गाड्यांचा गेम घालून दिला, फुगे फोडायचाही दिला. अक्कांनी दोन्ही काढायला लावले. "गाडी नुसती पळस. कोनं पोट भरस का त्यामा? मन्हा गेममा मानूस जेवना का हासस."

खरं आहे. खाणावळीत जेवून हसत कोण उठतं? हात धुतला की जो तो कामावर पळतो.

पण पहिली लेव्हल पार करून अक्का कधी पुढे गेल्या नाहीत. एखादा चेहरा लाल व्हायला लागला की त्या गेमच बंद करतात. पुन्हा पहिल्यापासून.

"अक्का, एक गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या ना," शकील म्हणायचा. "चित्रच आहे ते."

"चित्र शे तर काय, उपाशी जाऊ देऊ?"

आम्हाला हसून हसून ठसका लागायचा.

थंडीत एक दिवस मुकादमाने मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ताटावर बसलो, पण नुसती भाकरी कुस्करत राहिलो. पोरगा जळगावात कामाला आहे, असं आई गावात सांगत असणार. तेवढ्यात शकील म्हणाला, "काय शेठ, आज भरीत पसंत नाही वाटतं?" झालं. ताट सरकवून मी उठलो.

अक्कांनी पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं. "बस."

"भूक नाही, अक्का."

"राग मन्हावर काढ, ताटवर नको काढू." मग हळू आवाजात म्हणाल्या, "मन्हा आंडोर बी असाच उठीसन गया."

आंडोर म्हणजे मुलगा. अक्कांना मुलगा आहे, हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. बापाशी बोलाचाली झाली आणि तो अर्ध्या जेवणातून उठला. तव्यावरची भाकरी उतरवून मग त्याला थांबवू, असं अक्कांना वाटलं. त्या बाहेर आल्या तोवर तो गेला होता. अजून आलेला नाही.

शकीलने मान खाली घातली. मी बसलो आणि जेवलो. ताट संपेपर्यंत अक्का समोरून हलल्या नाहीत. त्यांच्या शेवभाजीला शेव पुरवणारे एक भाऊ आहेत. त्याच संध्याकाळी त्यांना सांगून अक्कांनी मला त्यांच्या भट्टीवर लावलं. हेही काम जाईल की काय, अशी धास्ती वाटते. पण अजून तिथेच आहे.

फोनवर हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यासले घर आन."

आणणार. एक दिवस खाणावळ बंद ठेवायला लावून अक्कांना पिंपळनेरला नेणार. त्या दिवशी आई भाकरी करेल, मी वाढेन, आणि अक्कांना चुलीकडे फिरकूसुद्धा देणार नाही.