नव्वद मिनिटं गप्प

"आबा, त्या फोटोचं काहीतरी करा. आत्ताच्या आत्ता!" क्रांती दात आवळून म्हणाली.

लॅपटॉपच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तीच सूचना आली होती. तुमच्या खोलीत दुसरी व्यक्ती दिसते आहे, तिला बाहेर पाठवा. ती व्यक्ती म्हणजे क्रांतीच्या आजेसासूबाई, मनुबाई. बारा वर्षांपूर्वी त्या वारल्या होत्या आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या फ्रेममधून, गळ्यात चंदनी हार घालून, कॅमेऱ्याकडं रोखून बघत होत्या.

"अगं, ती माझी आई हाय," सासरे नानासो म्हणाले. "ती कशाला कॉपी पुरवंल? तिला सहीसुदिक येत न्हवती."

"मला सांगून काय उपयोग? तिकडं बसलाय त्याला सांगा!"

क्रांतीचा राग आजचा नव्हता. कुपवाडच्या एका पंपाच्या कारखान्यात ती अकरा वर्षं कॉम्प्युटर ऑपरेटर होती. नेट गेलं, प्रिंटर अडला, साहेब पासवर्ड विसरले, की "क्रांतीताई, जरा या." पण सिस्टिम इन्चार्जची जागा निघाली, तेव्हा मॅनेजर माने म्हणाले, "ताई, काम तुम्हाला येतं हो, पण कागद लागतो." मालकांच्या भाच्याकडं, ऋषिराजकडं, तो कागद होता. प्रिंटरमध्ये कागद कुठून घालतात, हे मात्र त्याला क्रांतीलाच विचारावं लागे.

त्या रागावर चार महिने अभ्यास करून क्रांती कॉम्प्युटर देखभालीच्या पहिल्या सर्टिफिकेटला बसली होती. परीक्षा घरूनच द्यायची, पण दूर कुठंतरी बसलेला परीक्षक कॅमेऱ्यातून नजर ठेवणार. खोलीत एकटं बसायचं. नव्वद मिनिटं उठायचं नाही, बोलायचं नाही. नियम मोडला की परीक्षा रद्द. आज शनिवार होता आणि सोमवारी जागेचा निकाल लागणार होता.

नानासोंनी फोटोवर टॉवेल टाकला. लगेच परीक्षकानं विचारलं, टॉवेलखाली काय आहे?

"भिंतीकडं तोंड करून ठेवा मग," क्रांती म्हणाली.

"माझ्या आईला? ती काय शाळंत हाय व्हय?"

शेवटी त्यांनी फ्रेम उतरवली आणि बाहेर ओसरीवर खुर्चीत ठेवली. म्हातारीला उगाच जागेवरून उठवलं म्हणून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी हार सरळ केला आणि माफी म्हणून समोर दोन उदबत्त्या लावल्या.

"आबा, दार लावते. कुणी आलं तर आवाज करू देऊ नका. आणि तुमीबी तोंडातनं शब्द काढू नका."

"न्हाई काढत," नानासो म्हणाले. ते सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. दिला शब्द म्हणजे हुकूमच. ते पायरीवर खाली मान घालून बसले.

दहा मिनिटांत शेजारच्या रंगुबाई आल्या. आठ दिवसांपूर्वीच मिरजेला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळ्या चष्म्यातून त्यांना खुर्चीतला फोटो, हार आणि उदबत्तीचा धूर तेवढा दिसला.

"आवं नानासो, काय झालं वं?"

नानासोंनी ओठांवर बोट ठेवलं.

"कोण...?"

त्यांनी बंद दाराकडं हात केला.

"क्रांती?"

आत क्रांतीच होती. त्यांनी मान डोलावली.

"बोलत न्हाई?"

नाही, अशी मान हलली.

"उठतबी न्हाई?"

पुन्हा तशीच मान हलली. रंगुबाईंनी जो हंबरडा फोडला, तो चौकापर्यंत गेला.

आत क्रांती बाविसाव्या प्रश्नावर होती. पडद्यावर ताकीद आली. आवाज येत आहे, कारण कळवा. तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून तिनं भराभर टाइप केलं, शेजारी कुणीतरी वारलं आहे. उत्तर आलं, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, खिडकी बंद आहे ना याची खात्री करा.

कोण वारलं असेल, या विचारानं तिला क्षणभर गलबलून आलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "क्रांती लय कामाची होती गं!"

क्रांतीनं माउस सोडून कान टवकारले.

"कामाची होती, पर तोंडाची लय फाटकी," दुसरी बाई म्हणाली. "नळाच्या पाळीवरनं मला काय काय बोलली होती!"

"जाऊ दे आता. गेलेल्या माणसाचं काय काढायचं?"

क्रांतीच्या कानशिलांवर शिरा उभ्या राहिल्या. पाळी तर त्या बाईनंच मोडली होती! उठून दार उघडावं आणि एकेकीला सरळ करावं, असं तिच्या पायांना वाटत होतं. पण समोर कॅमेऱ्याचा हिरवा दिवा जळत होता. तिनं दातांवर दात ठेवून पुढचा प्रश्न उघडला. रागात ती कधी चुकत नसे. अकरा वर्षं तिनं सगळं काम रागातच केलं होतं.

तासाभरात अंगण भरलं. कुणी कारखान्यात फोन केला. कुणी बांबू आणले. नानासो हातवारे करून सगळ्यांना परत पाठवू बघत होते. लोक त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "सुभेदार, धीर धरा."

मग क्रांतीला ओळखीचा आवाज ऐकू आला. मॅनेजर माने आले होते.

"सोन्यासारखी बाई," ते म्हणत होते. "सगळा कारखाना तिच्या जिवावर चालत होता. ती जागा मी तिलाच देणार होतो. ऋषिराजला काय येतंय?"

क्रांतीनं शेवटचं उत्तर इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं. पडद्यावर अक्षरं उमटली, उत्तीर्ण.

दार धाडकन उघडलं. बांबू धरलेले दोघं बांबू टाकून पळाले. रंगुबाई नानासोंच्या मागं लपल्या.

"झालं?" नानासोंनी विचारलं. "आता बोलू का?"

"आबा! एवढी माणसं जमली तरी गप बसलात?"

"तूच म्हणालीस, शब्द काढू नका."

क्रांती मान्यांकडं वळली. "साहेब, मगाशी काय म्हणालात? परत म्हणा."

"ताई, तुम्ही... म्हणजे... अहो, अशा वेळी माणूस बोलतो काहीतरी."

"पन्नास माणसांनी ऐकलंय."

"म्याबी ऐकलंय!" रंगुबाई मागून म्हणाल्या. "ऑपरेशन डोळ्याचं झालंय, कानाचं न्हवं."

मान्यांनी घाम पुसला. समोर उघड्या दारातून दिसणारा पास झाल्याचा पडदा, मागं बांबू आणि भोवती सगळी गल्ली. "दिली," ते म्हणाले. "जागा तुमचीच."

"बरं. आता नळाच्या पाळीचं कोण बोललं?"

अंगण दोन मिनिटांत रिकामं झालं.

सोमवारी क्रांतीनं कारखान्याच्या दारातल्या हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. तिनं पुन्हा ठेवला. पुन्हा लालच.

"ताई, शनिवारी फोन आल्या-आल्या मी तुमचं नाव बंद केलं," बिराप्पा क्लार्क चाचरत म्हणाला. "मयत म्हणून."

"मग चालू कर."

"मला न्हाई येत ते. सिस्टिम इन्चार्जलाच येतं."

क्रांती नव्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिनं स्वतःचं खातं उघडलं. नाव पुन्हा चालू करण्याचं कारण विचारलं होतं. यादीत बदली होती, दीर्घ रजा होती, बाळंतपण होतं. तिनं "इतर" निवडलं आणि कळा आपटत लिहिलं, "कर्मचारी जिवंत आहे. खात्री न करता नाव काढणाऱ्याला समज द्यावी."

खाली मंजुरीचं बटण होतं. तेही तिनंच दाबलं.