नोरीनचा लेख, विर्लिनचा फोटो

गुरुवारी सकाळी नोरीन कॅलोवेने अंगणात पडलेला ‘हॅडली क्रॉसिंग क्लॅरियन’ उचलला, कॉफी ओतून घेतली, चौथं पान उघडलं आणि तिला आपल्या लेखाच्या डोक्यावर विर्लिन टॉस्ट्रडचं तोंड दिसलं.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तोंड जागचं हललं नव्हतं. खाली नावही त्याचंच होतं. शेजारच्या रकान्यात तिचा स्वतःचा हसरा फोटो होता आणि त्याखाली, तिच्या नावावर, गावाने पोहण्याचा तलाव मुळीच बांधू नये असं ठासून लिहिलेलं होतं.

नोरीन आणि विर्लिन गेली अकरा वर्षं या पानावर शेजारी राहत होते. ती शाळेतली निवृत्त नागरिकशास्त्राची बाई आणि पक्की डेमोक्रॅट. तो बियाण्यांचा निवृत्त व्यापारी आणि त्याहून पक्का रिपब्लिकन. बंदुका, कर, शाळेतली प्रार्थना, शाळेतली पुस्तकं, शाळेतलं जेवण, एकही विषय त्यांनी सोडला नव्हता. पण आयोवाच्या त्या कोपऱ्यात विर्लिनची माणसं दोन तर नोरीनचं एक असा हिशेब होता, त्यामुळे वाद कितीही रंगला तरी मतमोजणीत नोरीन पडायची. तलावाचा ठराव तर तीनदा आपटला होता. जुना तलाव फुटून कोरडा पडला होता आणि पोरं बंद पडलेल्या खाणीत साचलेल्या पाण्यात उड्या मारत होती. गेल्या उन्हाळ्यात त्यातली दोन बुडताना जेमतेम हाती लागली. दोन्ही शाळेत तिच्या हाताखालून गेलेल्या बायकांची पोरं.

म्हणून या वेळी नोरीनने राज्यघटना कपाटात ठेवली आणि बायबल काढलं. ती स्वतः चर्चला फक्त लग्नाला आणि मयताला जायची, पण मुलगी पाद्र्याची होती. ‘पीटर पाण्यावर चालायला निघाला आणि बुडू लागला,’ तिने लिहिलं होतं, ‘त्याला हात द्यायला प्रभू शेजारी होता. आपली पोरं खाणीत उतरतात तेव्हा प्रभूला दुसरीकडे काम असू शकतं, तेव्हा एक जीवरक्षक नेमलेला बरा.’

आणि नेमकं त्याच आठवड्यात विर्लिनच्याही डोक्यात आलं होतं की नोरीनला तिच्याच हत्याराने गारद करावं. त्याने पाण्याची नासाडी, क्लोरीन आणि नदीतले मासे यांच्याबद्दल इतक्या कळवळ्याने लिहिलं होतं की त्याची बायको आर्डिस म्हणाली होती, “तुला बरं वाटत नाहीये का?”

नोरीनने कप तसाच ठेवला आणि क्लॅरियनच्या कचेरीत गेली. संपादक ड्वाइट गालाला बर्फाची पिशवी लावून बसला होता. काल त्याची दाढ काढली होती आणि पान त्याने गोळ्यांच्या गुंगीत लावलं होतं.

“शुधारणा छापतो,” तो सुजलेल्या तोंडाने म्हणाला. “पुढच्या गुरुवारी.”

“मतदान मंगळवारी आहे, ड्वाइट.”

ड्वाइटने डोळे मिटून घेतले.

ती घरी परतली तेव्हा विर्लिन तिच्या पायऱ्यांवर पेपरची सुरळी करून उभा होता.

“हे तूच केलंस,” तो म्हणाला.

“मी? तुझा फोटो माझ्या लेखावर लावायची मला हौस आहे? माझ्या नावाखाली काय छापलंय ते वाचलंस?”

“वाचलंय. मीच लिहिलंय.”

नोरीनला खरं तर वेगळंच काही सुचलं होतं. गप्प बसलं तर विर्लिनची माणसं त्याच्या नावावर तलावाला मत देतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेली बाई; तिला ते जमेना.

“चल,” ती म्हणाली. “आधी तुझ्या माणसांना सांगू, मग माझ्या.”

“दोघांनी?”

“एकट्याने सांगितलंस तर विश्वास नाही बसायचा कुणाचा.”

गॉर्डीच्या कॅफेत ती दोघं शिरली आणि सगळ्यांचे चमचे थांबले. मग कोपऱ्यातून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सबंध कॅफे वाजवू लागला. गॉर्डी स्वतः काउंटरमागून बाहेर आला. तलावाच्या करावरून मागच्या वेळी सर्वांत मोठा गळा काढला होता तो यानेच.

“विर्लिन,” तो म्हणाला, “पीटरचं वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला विचार.”

“गॉर्डी, ते मी लिहिलेलं नाही. हिने लिहिलंय.”

गॉर्डीने नोरीनकडे पाहिलं, मग विर्लिनकडे, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. “तुला कुणी काही बोललं का? पक्षाच्या कचेरीतून फोनबिन?”

“अरे बाबा, मला तलाव नकोय.”

“समजलं,” गॉर्डी म्हणाला आणि त्याने विर्लिनचा खांदा दाबला. “तू काळजी करू नकोस. आता तू मागे हटलास तरी आम्ही हटत नाही.”

“मी लिहिलंय ते, गॉर्डी,” नोरीन म्हणाली. “शब्द न् शब्द.”

“बघा,” मागून कुणीतरी म्हणालं. “चांगलं काही दिसलं की लगेच यांचंच.”

बाहेर आल्यावर विर्लिन म्हणाला, “तुला आणायला नको होतं.”

मॅक्सीनच्या घरी मात्र विर्लिनला न्यायला नको होतं. मॅक्सीन ही नोरीनची सर्वांत जुनी मैत्रीण. गावातल्या डेमोक्रॅट बायका तिच्याच दिवाणखान्यात जमायच्या. ती दोघं पोहोचली तेव्हा ती हिरवळीवर पाटी ठोकत होती. पाटीवर रंग ओला होता: ‘मासे वाचवा, तलाव नको.’

“मॅक्सीन,” नोरीन म्हणाली, “तीन वेळा तू माझ्याबरोबर तलावासाठी दारोदार हिंडलीस.”

“हो ना. क्लोरीनचं कधी डोक्यातच आलं नाही. तू लिहिलंस आणि लख्ख प्रकाश पडला.”

“तो लेख माझा नाही. याचा आहे.”

मॅक्सीनने हातोडी खाली ठेवली नाही. विर्लिनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत तिने विचारलं, “नोरीन, खरं सांग. याने तुला धमकावलंय का?”

“बाई, मी तुमच्याच बाजूचा आहे,” विर्लिन काकुळतीला येऊन म्हणाला. “मलाही तलाव नकोय.”

“ऐकलंस?” मॅक्सीन म्हणाली. “लगेच जवळीक दाखवायला लागला. म्हणजे नक्की काहीतरी आहे.”

शनिवारपर्यंत गावात दोन्ही प्रकारच्या पाट्या लागल्या आणि नेहमीच्या घरांवर नेहमीच्या उलट लागल्या. जी माणसं आजवर कराच्या नावाने बोटं मोडायची, ती तलावाच्या बाजूने पीटरचे दाखले देत होती. नोरीनच्या बायका माशांच्या नावाने सह्या गोळा करत होत्या. वाद पहिल्यासारखाच कडाक्याचा चालला होता, फक्त माणसांनी जागा बदलल्या होत्या आणि ते त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

रविवारी विर्लिनने शेवटचा उपाय केला. नोरीनला त्याने चर्चमध्ये बोलावून घेतलं. ती मागच्या बाकावर बसली; लग्न नाही, मयत नाही, आणि ही आली म्हणून लोक माना वळवत होते. पाद्री लिंडक्विस्टनी प्रवचनाला सुरुवात करण्याआधी खिशातून क्लॅरियनचं कात्रण काढलं आणि पीटरचा परिच्छेद मोठ्याने वाचला. नोरीनच्या बापाने आयुष्यभर असल्याच व्यासपीठावरून प्रवचनं दिली होती. आपलं वाक्य तिथून ऐकताना तिला मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरून बसावं लागलं.

वाचन संपल्यावर विर्लिन उभा राहिला.

“पाद्रीसाहेब, देवाच्या घरात आहे म्हणून सांगतो. हे मी लिहिलेलं नाही. इतकं चांगलं मला लिहिता येत नाही. ती मागे बसलीय, नोरीन, तिने लिहिलंय. माझा याला विरोध आहे.”

पाद्री लिंडक्विस्टनी चष्मा काढला आणि डोळे टिपले.

“अकरा वर्षं या दोघांचं भांडण आपण वाचतोय,” ते म्हणाले. “आणि आज हा माणूस आपलं श्रेय उचलून विरोधकाच्या पदरात टाकतोय. याच्यापुढे माझं प्रवचन फिकं पडेल. आपण गाणंच म्हणू.”

गाणं चालू असताना विर्लिन हळूहळू खाली बसला. पुढच्या बाकावरची म्हातारी वळून त्याच्या गुडघ्यावर थोपटत राहिली. नोरीनला हसू आवरेना. तिने प्रार्थनेचं पुस्तक तोंडासमोर धरलं. आता आपण करायचं ते सगळं केलं, असं तिला वाटलं, आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं.

मंगळवारी तलावाचा ठराव मंजूर झाला. थोडाथोडका नाही, दोनास एक अशा मतांनी. शाळेच्या सभागृहात आकडे वाचले तेव्हा गॉर्डीची माणसं खुर्च्यांवर उभी राहिली आणि मॅक्सीनच्या बायका मुकाट्याने कोट घालून निघून गेल्या. नोरीन मधोमध एकटी बसली होती. कुणाला टाळी द्यावी ते तिला समजत नव्हतं.

ती घरी येऊन पोचते तोच आर्डिस टॉस्ट्रड दारात आली. हातात रूबार्बचे आंबट देठ भरून भाजलेला गोड पाई होता, अजून गरम.

“अभिनंदन,” आर्डिस म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या वाक्यालाच. दुसऱ्याच्या पोरांपासून सुरू होतो तो लेख. विर्लिन आजवर स्वतःच्या खिशाशिवाय कुठून सुरू झाला नाही.” तिने पाई टेबलावर ठेवला आणि न विचारता सुरी शोधली. “मी होय म्हटलं. तसं चारही वेळा होयच म्हटलंय. माझ्या गुडघ्याला डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितलेत, आणि पाणी आहे कुठे?”

“आणि विर्लिन?”

“विरोधात. त्याच्या बाजूचा तो एकटाच.”

हे ऐकून नोरीन जी हसायला लागली, ती थांबेचना. आर्डिसही हसू लागली. दोघींनी मिळून तो पाई बशा न घेता, थेट भांड्यातून, तळ दिसेपर्यंत खाल्ला. नंतर नोरीनने बूट काढून ओट्याजवळ एक गिरकी घेतली. चार वेळा लढून एकदा जिंकलं तरी जिंकणं म्हणजे काय ते पायांना ठाऊक असतंच, असं तिचं म्हणणं पडलं.

गुरुवारी ड्वाइटने सुधारणा छापली. ती वाचून गॉर्डी म्हणाला की ड्वाइट विकला गेला. मॅक्सीनने मात्र दोनदा वाचली, मग फोन केला. “म्हणजे मी विर्लिनच्या सांगण्यावरून मत दिलं?” तिने विचारलं. आणि पुढे म्हणाली, “मासे खरंच मरतात का गं?”

“नाही. तलावाचं पाणी नदीत जातच नाही.”

“मग मी मुलांच्या पोहण्याच्या वर्गाला मदतीला येते,” मॅक्सीन म्हणाली. तिची माफी मागायची पद्धत हीच होती.

पुढच्या जूनमध्ये तलाव उघडला. फीत कापायला अर्थातच विर्लिनला बोलावलं. त्याने कात्री हातात घेतली, गर्दीकडे पाहिलं, मग सरळ चालत नोरीनपाशी गेला आणि कात्री तिच्या हातात दिली. “लिहिलंस तू, काप तूच,” तो म्हणाला. लोकांनी त्याच्या विनयासाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नोरीनने फीत कापली आणि पोरांच्या झुंडी पाण्यावर कोसळल्या. त्या गोंधळात खाणीतून वाचलेली दोन्ही पोरं कुठे आहेत ते तिने पहिल्यांदा शोधलं. दोघं उथळ टोकाला, जीवरक्षकाच्या खुर्चीखाली, एकमेकांवर पाणी उडवत होती.

मोठ्यांचे वर्ग बुधवारी सकाळी असत आणि शिकवायला नोरीनच असे. पहिल्याच बुधवारी आर्डिस व्यायामाला आली, आणि तिच्यामागून पंचा गुंडाळलेला विर्लिन.

“मला पोहता येत नाही,” तो इकडेतिकडे पाहत म्हणाला. “कुणाला सांगू नकोस.”

“तू तर बुडत्यांवर इतकं सुंदर लिहिलंयस,” नोरीन म्हणाली.

तो पाण्यात उतरला. नोरीनने त्याच्या पाठीखाली हात धरून त्याला उताणं केलं. तो लाकडासारखा ताठ झाला आणि उजव्या अंगाने बुडू लागला. तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, पुन्हा उताणा झाला, पुन्हा तीच बाजू खाली.

“सगळा भार एकाच बाजूला टाकतोस तू,” नोरीन म्हणाली. “थोडा डावीकडे कल.”

“अकरा वर्षं तू दुसरं काय सांगितलंस मला?”

“या वेळी नाकात पाणी जातंय, विर्लिन. कल.”

विर्लिनने मान वळवून पाहिलं. आर्डिस पलीकडच्या टोकाला गुडघे वर-खाली करत होती, आणि बाकी कुणी नव्हतं. मग त्याने डोळे मिटले, दात आवळले आणि अगदी थोडासा, जेमतेम दोन बोटं, डावीकडे कलला.

नोरीनने हात काढून घेतला. तो तरंगत होता.