काखेतली बाटली

माझ्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नाही! विम्याच्या कचेरीत खोटे दावे पकडणं हेच माझं काम. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे! म्हणूनच परवा बायको प्रयोगशाळेतून एक इवलीशी बाटली घरी घेऊन आली, तेव्हा तिच्या राखणीचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

बाटलीत दिसायला नुसतं पाणी. पण त्यात बायकोनं वर्षानुवर्षं खपून तयार केलेला पदार्थ विरघळलेला होता. सकाळी तिला तो औषध कंपनीच्या साहेबांना दाखवायचा होता. पसंत पडला तर स्वतःची प्रयोगशाळा, नाहीतर परत साबणाच्या खात्यात बदली!

"याची गंमत अशी आहे ना..." तिनं सुरुवात केली.

"गप! भिंतींनाही कान असतात. गंमत मला सांगूच नकोस. मलाच माहीत नसेल, तर माझ्या तोंडून फुटणार कशी?"

"अहो, पण..."

"अगं, नको म्हटलं ना!"

आणि नेमका त्याच संध्याकाळी मेहुणा मुक्कामाला आला! बायकोचा धाकटा भाऊ, रसायनं विकणाऱ्या कंपनीत नोकरीला. पाण्यासाठी त्यानं फ्रिज उघडला आणि विचारलं, "ताई, ही बाटली कसली गं?"

बघा! फ्रिजमध्ये एवढ्या भाज्या, आणि याला बाटलीच दिसली! दोघांची पाठ वळताच मी ती उचलली, बनियनच्या आत काखेत दाबली आणि वरून स्वेटर चढवला.

"भाऊजी, हात अवघडलाय का?" जेवताना मेहुण्यानं विचारलं.

"झोपेत लचकला."

"दाबून देऊ?" म्हणत त्यानं खांद्याला हातही लावला. चोंबडा मेला!

जेवण झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन बाटली बाहेर काढली, आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पाण्याचं दूध झालं होतं! पांढरंफटक! तरीच खांद्याला हात लावला लेकानं! हातचलाखी, दुसरं काय?

तो गॅलरीत फोनवर बोलत होता. मी त्याची बॅग उघडली. आत एक बाटली, आणि बाटलीत स्वच्छ पाणी! सापडला चोर! मी ते पाणी बायकोच्या बाटलीत भरलं आणि बाटली फ्रिजमध्ये जागच्या जागी ठेवली. तिच्यातला पांढरा माल त्याआधीच खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत ओतून घेतला होता. पुरावा टाकायचा नसतो! तो काखेत धरूनच मी गाढ झोपलो. बायकोला साहेबांचं टेन्शन होतं, म्हणून तिला काहीच सांगितलं नाही.

सकाळी ती बाटली घेऊन गेली. मागून मेहुणा डोळे चोळत आला. "भाऊजी, माझ्या लेन्सचं पाणी कुणी संपवलं?"

म्हणजे रात्री मी बायकोच्या बाटलीत भरलं ते... तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, तुम्ही बाटलीला हात लावला होतात का?" बायको रडकुंडीला आली होती. "कितीही वेळ मुठीत धरा, पाणी पांढरंच होईना! साहेब उठायला निघालेत!"

"पांढरं व्हायला हवं होतं?"

"तेच तर सांगत होते ना काल!"

खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन मी तसाच पळालो आणि टॅक्सी पकडली. आत एसीचा गार झोत. त्याच्यापुढं बाटली धरून बघू लागलो. बघता बघता दूध फिकट झालं आणि त्याचं पुन्हा पाणी झालं!

"गाडी थांबवा!" मी ओरडलो. "माल कुणी बदलला?"

"साहेब, मी पुढं बसलोय, तुम्ही मागं," टॅक्सीवाला म्हणाला.

"पकडले गेल्यावर सगळे असंच म्हणतात!"

त्यानं आरशातून माझ्याकडं असं पाहिलं, की मी गुपचूप बाटली पुन्हा काखेत दाबली. बायकोच्या ऑफिसची लिफ्ट वर जायला बराच वेळ घेते. दार उघडण्याआधी काढून बघितली, तर पांढरीफटक! आणि लिफ्टमध्ये मी एकटाच! आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःकडे संशयानं पाहिलं.

बायको दारातच उभी होती. माल रात्रभर माझ्या काखेत होता, हे मी एका दमात सांगून टाकलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा!" म्हणत तिनं बाटली हिसकावली आणि आत धावली. मीही मागोमाग. तिनं बाटली बर्फाच्या पाण्यात धरली, माल पारदर्शक! मुठीत धरली, पांढरा!

"गार असताना याचे धागे पाण्याचा हात धरून असतात," ती साहेबांना सांगू लागली. "ऊब लागली की पाण्याला सोडून एकमेकांत गुंततात, म्हणून पांढरं दिसतं. जखमेवर औषध असंच धरून ठेवता येईल."

हात्तिच्या! मेहुणा निर्दोष, टॅक्सीवाला निर्दोष. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी बाटली हुंगली. "खोकल्याच्या औषधाचा वास येतोय. असो. पण माणसाच्या अंगाच्या उबेत किती वेळ टिकतं हे? तशी चाचणी घेतलीत?"

बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं. "घेतली ना. रात्रभर. काखेत."

"कुणाच्या?"

"नावाचं काय एवढं, साहेब! काख मात्र चांगली उबदार आहे."

साहेब खूश होऊन आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघत म्हणाले, "वा! प्रयोगशाळा तुमचीच! मोठ्या चाचणीसाठी सोमवारपासून मिळेल का हो?"

बायको लगेच हो म्हणाली. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या. पण तेव्हापासून मला एकच संशय छळतोय : साहेबांनी मागितलं ते मला, की नुसत्या काखेला?